फाइव्ह डॉलर फूटलाँग : गाण्यात अडकलेली किंमत

मायामीतल्या जॅक्सन मेमोरियल हॉस्पिटलच्या दोन टोकांना सबवे या सँडविच-साखळीची दोन छोटी दुकानं होती. दोन्हींचे मालक एकच, स्टुअर्ट फ्रँकेल. शनिवार-रविवार आला की त्यांचा गल्ला थंड पडायचा. भाडं तेच, दिवे तेच, काउंटरमागे हातमोजे घालून उभी असलेली माणसंही तीच. गिऱ्हाईक तेवढं नाही. २००४ मध्ये फ्रँकेल यांनी साधा उपाय केला. फक्त शनिवार-रविवारी एक फुटी सँडविच, म्हणजे 'फूटलाँग', सरळ पाच डॉलरला. नेहमीच्या भावापेक्षा जवळजवळ एक डॉलर कमी. पाचच का? नंतर पत्रकारांना त्यांनी दिलेलं कारण कुठल्याही मार्केटिंगच्या पुस्तकात सापडणार नाही. त्यांना राउंड फिगर आवडतात, इतकंच.

रांगा दाराबाहेर गेल्या.

चार वर्षांनी हाच पाचाचा आकडा अमेरिकेतल्या घराघरात टीव्हीवरून गायला जात होता. फास्ट फूडच्या जाहिरातींतल्या सगळ्यात चिकट गाण्यांपैकी ते एक. आणि आणखी दहा वर्षांनी याच आकड्याविरुद्ध सबवेचेच दुकानदार सह्या गोळा करत होते. गाण्याने आकडा उचलला आणि देशभर नेला. 'फक्त शनिवार-रविवार' ही अट मात्र मायामीतच राहिली. या प्रकरणात मला रस आहे तो त्या राहून गेलेल्या अटीत.

आकडा वर कसा चढला

सबवेची घडण आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं भांडण कळणार नाही. १९६५ मध्ये कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्टला फ्रेड डिलुका या सतरा वर्षांच्या मुलाने पीटर बक या कौटुंबिक स्नेह्याकडून एक हजार डॉलर घेऊन सँडविचचं दुकान टाकलं. पुढे वाढ झाली ती फ्रँचायझीतून. दुकान ज्याचं त्याचं, पाटी आणि पद्धत कंपनीची. दुकानदाराने एकूण विक्रीच्या आठ टक्के रॉयल्टी कंपनीला द्यायची आणि वर साडेचार टक्के जाहिरात निधीत टाकायचे. एकूण साडेबारा टक्के. 'एकूण विक्रीच्या' हे दोन शब्द लक्षात ठेवा. नफ्याच्या नव्हे.

फ्रँकेल यांची युक्ती आधी दक्षिण फ्लोरिडातल्या इतर दुकानदारांनी उचलली. फोर्ट लॉडरडेलच्या बाजूला ज्यांची दुकानं अडचणीत होती त्यांनी करून पाहिली आणि त्यांचाही माल खपला. वरच्या पातळीवर आधी साशंकताच होती. एवढ्या स्वस्तात दुकानदाराला परवडणार कसं, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला होता आणि प्रश्न रास्त होता. पण एकेका भागातून विक्रीचे आकडे येत गेले आणि विरोध मावळला. देशभर मोहीम करायचं ठरलं तेव्हा ती चार आठवड्यांची ठरली. चारच. २३ मार्च २००८ ला सुरुवात.

वेळ अशी होती की याहून चांगली मिळाली नसती, किंवा याहून वाईट. कोण सांगतंय त्यावर आहे. २००८ च्या सुरुवातीला गव्हाचे भाव विक्रमी पातळीवर होते. उन्हाळ्यात पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं. सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही बडी बँक बुडाली. खिसे आवळलेल्या लोकांना दुपारचं पोटभर खाणं हातात मावेल एवढ्या पैशात हवं होतं, आणि टीव्हीवर कोणीतरी नेमकं तेच गात होतं.

गाणं

बोस्टनच्या एमएमबी या एजन्सीकडे काम होतं. गाणं केलं जिमी हार्नेड यांनी. शब्द मोजायचे तर इतकेच: 'फाइव्ह. फाइव्ह डॉलर. फाइव्ह डॉलर फूटलाँग.'

एकदा हळू म्हणून बघा. पहिल्या ओळीत एक शब्द, दुसरीत दोन, तिसरीत तीन. प्रत्येक ओळ आधीची ओळ पोटात घेऊन येते. लहान मुलांना पाठांतर शिकवताना आपण हेच करतो, आधी एक, मग तेच धरून पुढचं. ऐकणाऱ्याला पाठ करायचे कष्टच नाहीत. गाणं स्वतःच स्वतःला घोकतं. त्यात 'फाइव्ह' आणि 'फूट' दोन्हीकडे ओठ दातांवर टेकवणारा तोच 'फ'. चाल दोन-चार सुरांत फिरणारी आणि गंमत म्हणजे आनंदी नाही. तिच्यात किंचित काळी छटा आहे. सँडविच विकणाऱ्या गाण्यात ती अपेक्षित नसते, म्हणून कान टवकारतात.

डोक्यात अडकून बसणाऱ्या गाण्यांवर इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठातल्या केली याकुबोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. वेगवान लय, ओळखीची वळणं घेणारी चाल आणि मध्येच एखादी अनपेक्षित उडी, अशी गाणी जास्त चिकटतात असं त्यात दिसलं. सबवेचं गाणं या साच्यात पुरतं बसत नाही, कारण ते वेगवान नाही. माझ्या मते त्याचा चिकटपणा सुरांत कमी आणि शब्दांच्या त्या पायऱ्यांत जास्त आहे. पायऱ्यांना हाताची जोडही होती. जाहिरातीतली माणसं आधी पाच बोटं दाखवायची, मग दोन्ही तळवे समोरासमोर फूटभर अंतरावर धरायची. पंजा, मग माप. ऐकणं, म्हणणं आणि हात हलवणं तिन्ही एकाच वेळी. मेंदूतून हे निघणार कसं?

या ओळीत आणखी एक गोष्ट आहे जी मला बरीच उशिरा दिसली. तिच्यात सबवे हे नाव नाही. चव नाही, ताजेपणा नाही, ब्रेड, भाजी, मांस काही नाही. फक्त किंमत आणि लांबी. मेन्यू बोर्डावरची एक ओळ उचलून तिला चाल लावली आहे.

इतर खानावळी काय गात आल्या ते शेजारी ठेवून पाहावं. मॅकडोनाल्ड्सने १९७१ मध्ये 'आज थोडी उसंत तुमच्या हक्काची आहे' अशा अर्थाचं गाणं केलं. त्याच मॅकडोनाल्ड्सने २००२ च्या अखेरीला कंपनीच्या इतिहासातला पहिला तिमाही तोटा सोसल्यावर सप्टेंबर २००३ मध्ये म्युनिकहून 'आय'म लव्हिन' इट' सुरू केलं. ते पाच सुरांचं 'बा दा बा बा बा' अजून चालू आहे. चिलीजने नव्वदच्या दशकात 'बेबी बॅक रिब्ज' हे शब्द नुसते पुन्हा पुन्हा गायले आणि लोक वेडे व्हायची वेळ आली. उसंत, आवड, बरगड्या. यातलं काहीच महाग होत नाही. म्हणजे बरगड्या होतात, पण गाण्यात त्यांचा भाव नसतो, त्यामुळे उद्या भाव वाढला तरी गाणं खोटं ठरत नाही.

किंमत गाण्याचा खेळ अमेरिकेत त्याआधीही एकदा झाला होता, आणि योगायोग बघा, तिथेही आकडा पाचच. १९४० च्या सुमारास पेप्सीने रेडिओवर एक गाणं वाजवलं. चाल एका जुन्या इंग्रजी शिकारगीताची. मजकूर असा की बारा औंसांची बाटली, दुसऱ्यांच्या दुप्पट माल आणि किंमत तीच एक निकेल, म्हणजे पाच सेंट. गाणं तुफान चाललं. युद्ध संपल्यावर साखर आणि बाकीचा खर्च वाढला, पाच सेंट परवडेनात आणि निकेलची बढाई सोडून द्यावी लागली. १९५० मध्ये पेप्सीने नवं घोषवाक्य घेतलं, ते औंसागणिक मिळणाऱ्या उसळीबद्दल, म्हणजे तरतरीबद्दल होतं. उसळीला भाव नसतो. सबवेच्या बैठकीत कोणी हा किस्सा सांगितला असता तर चार आठवड्यांचे चारच राहिले असते का? मला नाही वाटत. समोर रांग दिसत असताना साठ वर्षांपूर्वीच्या बाटलीची गोष्ट कोण ऐकतं.

चाराचे सात आठवडे झाले. मग मोजायचंच सोडून दिलं. ऑगस्ट २००९ ला संपलेल्या वर्षात एकट्या पाच डॉलरच्या फूटलाँगची विक्री एनपीडी या बाजार-संशोधन संस्थेच्या हिशेबाने ३.८ अब्ज डॉलर होती. हे एक सँडविच वेगळी कंपनी म्हणून धरलं असतं तर अमेरिकेतल्या पहिल्या दहा फास्ट फूड ब्रँडांत बसलं असतं. बाकीच्यांनीही पाचाचा आकडा उचलला. केएफसी, बोस्टन मार्केट, सगळीकडे पाच डॉलरची ताटं आणि डबे दिसू लागले. गाण्यात नावच नव्हतं, तेव्हा आकड्यावर मालकी सांगणार कोण?

गल्ल्यावरून पाहिलं तर

आता काउंटरच्या आत जाऊ. पुढचे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, फक्त साडेबारा टक्के खरे.

समजा आधी फूटलाँग सहा डॉलरला होतं. त्यातले साडेबारा टक्के, म्हणजे ७५ सेंट, रॉयल्टी आणि जाहिरातीत गेले. दुकानदाराकडे उरले सव्वापाच. ब्रेड, मांस, चीज, भाजी, सॉस, कागद मिळून दोन डॉलर धरा. हातात ३ डॉलर २५ सेंट. त्यातून भाडं, पगार, वीज आणि उरलं तर स्वतःचं घर. आता किंमत पाच करा. साडेबारा टक्के झाले साडेबासष्ट सेंट. दोन डॉलरचा माल तसाच. हातात राहिले २ डॉलर ३७ सेंट आणि वर अर्धा.

एक डॉलरच्या सवलतीतले साडेसत्याऐंशी सेंट दुकानदाराच्या खिशातून गेले, साडेबारा सेंट वरच्यांच्या, म्हणजे कंपनी आणि जाहिरात निधीच्या वाट्यातून गेले.

आधी दिवसाला शंभर विकली जात होती असं धरा. वरच्यांची जमा पूर्वीइतकी राहायला एकशे वीस विकली तरी पुरे. दुकानदाराला पूर्वीइतकंच हाती ठेवायला एकशे सदतीस विकावी लागतात. या दोन आकड्यांच्या मधला जो पट्टा आहे, सगळं भांडण तिथे राहतं. दिवसाला एकशे तीस गेली तर मुख्यालयाच्या तक्त्यावर रेघ वर जाते, शाबासकीचं पत्र येतं. दुकानदाराने तीस सँडविच जास्त करून सोळा डॉलर कमी कमावलेले असतात. कोणी कोणाला फसवलेलं नाही. करार पहिल्या दिवसापासून तसाच होता, विक्रीवर टक्केवारी.

मग फ्रँकेल यांना कसं जमलं? शनिवारी. त्यांच्या दुकानात शनिवारी समजा चाळीसच जायची. चाळीस गुणिले सव्वातीन, १३० डॉलर. पाच डॉलर केल्यावर ऐंशी गेली तर १९०. आणि त्या जास्तीच्या चाळीस सँडविचना नवीन माणूस लागला नाही, कारण माणसं आधीपासून हात बांधून उभीच होती. सहा डॉलर देणारं नेहमीचं गिऱ्हाईक सोमवारी सहाच देत होतं. रिकाम्या वेळेत, रिकाम्या हातांनी, जे गिऱ्हाईक एरवी आलंच नसतं त्याला दिलेली ती सवलत होती. हिशेब चोख होता.

तोच भाव आठवड्याचे सात दिवस, सगळ्या राज्यांत लावला की तो हिशेब उलटा फिरतो. बुधवारी दुपारी साडेबाराच्या रांगेत हात रिकामे नसतात. तिथे जास्तीच्या तीस सँडविचना आणखी एक माणूस लागतो. आणि रांगेतले बरेच जण असे, जे सहा देणारच होते.

हे सगळं गाण्यात कसं बसवणार? 'शनिवारी आणि रविवारी, माणसं रिकामी असतील तर, पाच डॉलर' याला चाल लागत नाही. जाहिरातीच्या तळाशी 'सहभागी दुकानांपुरतं' वगैरे बारीक अक्षरं असतात, पण बारीक अक्षरं कोणी गुणगुणत नाही.

इथे एक बाजू दुकानदारांच्या विरोधातली, आणि ती झाकून ठेवणं बरोबर नाही. जाहिरात निधीचं मंडळ दुकानदारांनीच निवडलेलं होतं. त्यांच्याच साडेचार टक्क्यांतून गाणं वाजत होतं आणि २००८ मध्ये त्यांच्यातल्या कित्येकांना ते वाजायला हवंही होतं. मंदीत शेजारची हॉटेलं ओस पडत असताना आपल्या दारात रांग असणं ही लहान गोष्ट नाही. तक्रार सुरू झाली ती खर्च पुढे सरकत गेले आणि गाणं जागचं हललं नाही तेव्हा.

खर्च किती भराभर सरकले ते पाहा. गाणं सुरू झालं त्या महिन्यात अमेरिकेत केंद्राची किमान मजुरी तासाला ५ डॉलर ८५ सेंट होती. जुलै २००८ मध्ये ६ डॉलर ५५ झाली. जुलै २००९ मध्ये ७ डॉलर २५. सोळा महिन्यांत जवळपास चोवीस टक्के वाढ, आणि टीव्हीवर अजून पाच बोटंच. काही शहरांत तर स्वतंत्र नियम. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २०१२ साली किमान मजुरी १० डॉलर २४ सेंट होती. त्या वर्षाच्या अखेरीस तिथल्या सबवे दुकानांनी पाट्या लावल्या की या शहरात धंदा करणं महाग पडतं, इथे पाच डॉलरचं फूटलाँग मिळणार नाही. ती पाटी लावणाऱ्याची अवस्था मी डोळ्यांसमोर आणतो. कागदोपत्री दुकान त्याचं आणि भावही त्यानेच ठरवायचा. पण समोर उभं असलेलं गिऱ्हाईक भाव आधीच गुणगुणत आत आलेलं आहे, आणि हे गाणं वाजवायला पैसे यानेच भरलेत.

एक फूट म्हणजे किती

गाण्यात दोन वचनं होती, पाच डॉलर आणि एक फूट. पहिलं खर्चाने पोखरलं. दुसऱ्याला सुरुंग लावला एका मोजपट्टीने.

जानेवारी २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका मुलाने सबवेच्या सँडविचशेजारी टेप ठेवून फोटो काढला आणि फेसबुकवर टाकला. अकरा इंच. फोटो जगभर फिरला. कंपनीच्या ऑस्ट्रेलियातल्या शाखेचा पहिला खुलासा असा की 'फूटलाँग' हे सँडविचचं वर्णनपर नाव आहे, लांबीचं माप म्हणून ते वापरलेलं नाही. पाच वर्षं टीव्हीवर दोन तळव्यांत फूटभर अंतर धरून दाखवणाऱ्यांनी हे म्हणावं! ते हात नसते तर खुलासा कदाचित पचलाही असता.

अमेरिकेत ग्राहकांतर्फे दावे दाखल झाले. पुढे जे उघड झालं ते मला या प्रकरणातलं सगळ्यात मजेशीर वाटतं. ब्रेडसाठी लागणाऱ्या कणकेच्या कांड्या कारखान्यातून गोठवून येतात आणि प्रत्येक कांडीचं वजन सारखं असतं. दुकानात ती फुगवून भाजली जाते. भट्टी, हवा, फुगायला दिलेला वेळ यानुसार एखादी लांब होते, एखादी आखूड आणि जाडसर. पण पीठ तेवढंच. आत घालायचं मांस आणि चीजही मापाने ठरलेलं. म्हणजे अकरा इंचवाल्याला बारा इंचवाल्यापेक्षा खायला कमी मिळालेलं नव्हतं. तक्रार होती ती शब्दाची.

शेवटी तडजोड झाली. दुकानात ब्रेड मोजायचं साधन ठेवायचं, भाजताना लांबी थोडी कमीजास्त होते अशी सूचना लावायची. वकिलांना पाच लाख वीस हजार डॉलर, नाव देऊन दावा केलेल्यांना प्रत्येकी पाचशे, आणि बाकीच्या लाखो गिऱ्हाइकांना काहीच नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ही तडजोड मोडीत काढली. या तडजोडीतून ग्राहकांना मिळणारे फायदे संपूर्ण निरुपयोगी आहेत, अशा कडक शब्दांत न्यायाधीश डायान साइक्स यांनी निकाल लिहिला. नाव की माप या प्रश्नावर कंपनीला आधी आणखी एक फटका बसला होता. 'फूटलाँग' हा शब्द सँडविचसाठी आपल्या मालकीचा ट्रेडमार्क व्हावा म्हणून केलेली खटपट सप्टेंबर २०१३ मध्ये ट्रेडमार्क मंडळाने फेटाळली होती. हा शब्द सगळ्यांचा, असं मंडळाचं म्हणणं. एवढं लोकांच्या तोंडात बसवलेलं नाव मग खासगी राहणार तरी कसं?

उतरायचे प्रयत्न

वाघावर बसणं जमलं होतं, उतरणं जमेना. कंपनीने प्रयत्न पुष्कळ केले.

आधी पाच डॉलरची यादी आखडली. सगळी सँडविच नव्हे, ठरावीक. मग महिने वाटून घेतले. ऑक्टोबरात कोणतंही फूटलाँग पाच डॉलर, त्या महिन्याचं नाव 'एनीटोबर'. फेब्रुवारीत तेच, म्हणून 'फेब्रुएनी'. नावं ऐकून हसू येतं, पण मागचा विचार चुकीचा नव्हता. कालावधीची अट गाण्याबाहेर, कॅलेंडरच्या नावात कोंबायचा तो प्रयत्न होता. लोकांनी मात्र त्यातला भाव तेवढा लक्षात ठेवला, महिना विसरले.

फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनीने धीर करून आकडा बदलला. नेहमीची फूटलाँग सहा डॉलर. महागाईच्या हिशेबाने २००८ चे पाच डॉलर तेव्हा साडेपाचांच्या वर गेलेच होते. सहा हा लुटारू भाव नव्हता. तरी सोशल मीडियावर ओरड झाली. दुसऱ्या कुठल्या हॉटेलने बर्गर डॉलरभर वाढवला तर गिऱ्हाईक कपाळाला आठी घालतं आणि पैसे देतं. इथे लोकांना आपल्याला शब्द देऊन फिरवल्यासारखं वाटलं. त्यात 'सिक्स' 'फाइव्ह'च्या जागी चालीत बसतो खरा, पण 'फ'ची जोडी तुटते. हे मी गंभीरपणे म्हणतोय, तोंडाला सवय झालेला शब्द बदलला की जिभेला आधी कळतं, खिशाला नंतर.

सहा टिकलं नाही. जानेवारी २०१८ मध्ये पाच सँडविचांपुरती ४ डॉलर ९९ सेंटची देशव्यापी योजना आली. दहा वर्षांनी पुन्हा तोच भाव, उलट एक सेंट कमीच, आणि या दहा वर्षांत भाडी, पगार, माल सगळं वर गेलेलं. योजना जाहीर होताच जवळपास चारशे दुकानदारांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या. त्याच सप्टेंबरात हंगामी प्रमुख ट्रेव्हर हेन्स यांनी सांगितलं की देशभर पाच डॉलर लादणार नाही, ज्याने त्याने आपापल्या भागाप्रमाणे ठरवावं. म्हणजे चौदा वर्षांनी निर्णय परत तिथे आला जिथून फ्रँकेल यांनी सुरुवात केली होती, एकेका दुकानात. २०२० मध्ये दोन घेतली तर दहा डॉलर असा फिरून एक प्रयोग झाला आणि फिरून दुकानदार उखडले.

याच काळात दुकानंही घटत होती. २०१५ मध्ये अमेरिकेत सबवेची सत्तावीस हजारांच्या आसपास दुकानं होती, २०२३ च्या अखेरीला वीस हजारांच्या आसपास. याचं खापर गाण्यावर फोडणारे लेख मी वाचले आहेत आणि मला ते पटत नाहीत. एका चौकात तीन सबवे उघडली की तिन्ही उपाशी राहणार, त्याला गाण्याची गरज नाही. गाण्याने केलं ते एवढंच की भाव वाढवून सावरायची वाट बंद केली. दुसऱ्या साखळ्या दरवर्षी दहा-वीस सेंटने सरकत राहिल्या, कोणाला पत्ता लागला नाही. सबवेला सेंटने सरकताच येईना, कारण 'फाइव्ह डॉलर अँड ट्वेंटी सेंट्स' असं काही त्या चालीत बसत नाही. बसलं असतं तरी कोणी म्हटलं नसतं.

मी त्या टेबलावर असतो तर काय सुचवलं असतं, हा विचार मनात येतोच. गाणं नको म्हणणं सोपं आहे, पण ३.८ अब्जांकडे पाहून तो सल्ला पोरकट वाटतो. चार आठवडे संपल्यावर थांबणं हे खरं उत्तर, आणि चार आठवडे संपले त्या दिवशी ते कोणालाही देता आलं नसतं. मधला एक मार्ग होता असं मला वाटतं. गाणं आणि हात तसेच ठेवायचे, पण दुसऱ्या वर्षी पंजा गाळून नुसते तळवे दाखवायचे. चाल लोकांच्या कानात होतीच. नुसत्या 'फूटलाँग'वरही त्यांनी ती पुरी केली असती. निदान आकडा हळूहळू विरला असता. (आणि मग अकरा इंचाचा फोटो आला असता, हेही खरं. पण एका वेळी एकच खड्डा.)

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस सबवेने अमेरिकेत पुन्हा एक ऑफर काढली. कोणतंही फूटलाँग ६ डॉलर ९९ सेंट. २००८ चे पाच डॉलर महागाईने फुगवले तर साधारण सातच होतात, त्यामुळे भाव पाहायला गेलं तर जुनाच म्हणायचा. पण या वेळी तो फक्त अ‍ॅपवरून किंवा वेबसाइटवरून ऑर्डर करणाऱ्यांना होता, दोन आठवड्यांपुरता, आणि कोड टाकला तरच. कोड होता '६९९एफएल'. तो टाइप करायचा असतो, गुणगुणता येत नाही.